स्टिअरिंग रॅक बदलायचा आहे : नटबोल्ट कळतात, प्रोग्रामिंगचं काय?

रानवाट

गाडी फोर्ड ब्रॉन्को, २०२१ नंतरची पिढी. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, रॅक (स्टिअरिंगचं फिरणं आडव्या दांड्याच्या सरकण्यात बदलणारा भाग) इलेक्ट्रिक. टायर ३३ इंचीवरून ३७ इंची करायचे आहेत. जोडीला हॉस ३.० या फोर्डच्याच ऑफरोड पॅकेजमधला दणकट रॅक आणि जाड टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतचे दांडे) बसवावेत असं डोक्यात आहे. पान्याचं काम जमतं, कंट्रोल मॉड्यूलच्या भानगडीत कधी पडलो नाही. म्हणून तीन प्रश्न:

१. रॅक बदलायलाच हवा, की नुसत्या टाय रॉडवर भागेल?
२. रॅकचा कंट्रोलर रॅकवरच असतो. मग जुनी गाडी नव्या रॅकला ओळखेल का?
३. फोरस्कॅन (बाहेरचं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर) पुरेल, की कंपनीचं एफडीआरएस सॉफ्टवेअरच लागेल?

ज्यांना यातलं नेमकं ठाऊक आहे त्यांनी सविस्तर लिहा. "डीलरकडे जा" हे उत्तर मलाही येतं.

चिखलमामा

डीलरकडे जा.

(कुणीतरी लिहिणारच होतं, म्हटलं आपणच उरकावं.)

पाना_नं_१९

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर "नको" असेल तर पुढचे दोन आपोआप मिटतात.

खडकावर सहसा आधी वाकतो तो टाय रॉड. त्यातही आतला, म्हणजे रॅकच्या टोकाला बॉल जॉइंटने जोडलेला. चाक दोन दगडांत अडकतं, वरून माणूस जोर लावून स्टिअरिंग फिरवतो आणि मोटर त्याच्या कित्येक पट जोर लावते. दाबाखाली लांब बारीक दांडा बाहेर फुगतो. यावर लोक टाय रॉडवर जाड नळीचं कवच चढवतात किंवा सरळ जाड रॉड घालतात. स्वस्त उपाय, कोडिंग शून्य.

पण मूळ रॅकवर फार जाड रॉड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. रॉड हा फ्यूज असतो. तो वाकला की वाटेत बदलता येतो. तो वाकेनासा झाला की तोच धक्का पुढे रॅकच्या दांड्याला, पिनियनच्या दातांना नाहीतर रॅकच्या ॲल्युमिनियमच्या घराला (हाउसिंगला) बसतो. वाकलेल्या रॉडने रखडत घरी पोचता येतं. रॅकच्या घराला तडा गेला तर टो ट्रक बोलवावा लागतो.

टॉर्कवाली

पाना यांचं फ्यूजचं म्हणणं मान्य. पण "३७ इंची टायर म्हणून रॅकवर लोड" हे अर्धसत्य आहे. उभ्या गाडीत चाक वळवायला लागणाऱ्या टॉर्कचं जुनं अंदाजी सूत्र बघा:

टॉर्क = (घर्षणांक ÷ ३) × वर्गमूळ (चाकावरचा भार³ ÷ टायरमधली हवा)

यात व्यास कुठेच नाही. भार आहे, हवा आहे. एका चाकावर ६,००० न्यूटन, म्हणजे साधारण ६१० किलो, आणि घर्षणांक ०.७ धरा. ३५ पीएसआयला एका चाकाचे २२१ न्यूटन मीटर येतात. हवा १५ पीएसआयवर आणली की ३३७. टायर तोच, गाडी तीच, लोड दीडपट! स्टिअरिंग आर्म १५० मिमीचा धरला तर दोन्ही चाकांचं मिळून रॅकवर आधी सुमारे २,९५० न्यूटन आणि नंतर ४,५०० न्यूटन.

हे सपाट डांबरावरचं. वाळूत रुतलेलं किंवा दगडाला टेकलेलं चाक याच्या कितीतरी वर जातं.

व्यासापेक्षा रिमचा ऑफसेट (हबला बसणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती दूर ते) बघा. अधिक ५५ च्या जागी अधिक ३० ऑफसेटचा रिम घातला की चाकाचा मध्य २५ मिमी बाहेर जातो आणि स्क्रब रेडियस (चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो किंगपिनचा अक्ष जमिनीला टेकतो तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) तेवढाच वाढतो. दगडाचा प्रत्येक धक्का किंगपिनभोवती त्या लांबीने गुणला जातो.

धूळभरे

@टॉर्कवाली, मोठ्या टायरने स्क्रब रेडियस उलट थोडा कमी होतो ना? किंगपिनचा अक्ष वर आतल्या बाजूला झुकलेला असतो. हब वर गेला की अक्ष जमिनीला आणखी बाहेर जाऊन टेकतो.

टॉर्कवाली

बरोबर. त्रिज्या ५० मिमी वाढली (३३ ते ३७ तेवढंच) आणि झुकाव १२ अंश धरला तर सुमारे १०.५ मिमी कमी होतो. म्हणजे ऑफसेट तोच ठेवून टायर मोठा केला तर या एका बाबतीत फायदाच. पण ३७ चा टायर आत घासतो म्हणून लोक बाहेरचा रिम घालतात, आणि कमावलेले १० देऊन वर १५ आणखी गमावतात.

संथवाहन

वाचनखूण साठवली. अवांतर: गाडी घेतली चिखलात जायला, आणि आता वर्गमूळ काढायचं?

रानवाट

म्हणजे रिमचा ऑफसेट आधी ठरवावा, हे नवीनच कळलं. पण खडक हाच मुख्य वापर आहे, त्यामुळे रॅक बदलण्याकडेच कल आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या का?

सर्किटराव

वळू या. आधी रॅकमध्ये काय असतं ते स्पष्ट असू दे, कारण निम्मे घोळ तिथेच होतात.

या वर्गातल्या रॅकमध्ये मोटर रॅकला समांतर असते. मोटर दातेरी पट्टा फिरवते, पट्टा बॉल नट फिरवतो, बॉल नट दांड्याला सरकवतो. पिनियनच्या वरच्या टोकाला टॉर्शन बार आणि टॉर्क सेन्सर. मोटरच्या बुडाला चिकटलेला कंट्रोलर म्हणजे पीएससीएम. फोर्डच्या कॅन बसवर (मॉड्यूल ज्या तारांवरून आपसात बोलतात त्या) त्याचा डायग्नोस्टिक पत्ता ७३०, उत्तर येतं ७३८ वर.

या पीएससीएममध्ये तीन वेगळ्या गोष्टी असतात. लोक तिन्हींना "प्रोग्रामिंग" म्हणतात, हीच गोची.

एक, मूळ सॉफ्टवेअर. दोन, कॅलिब्रेशन: कुठल्या वेगाला किती मदत, मोटर तापली की किती कपात, टोकाजवळ कुठे हळू व्हायचं, ही सगळी कोष्टकं यात. तीन, कॉन्फिगरेशन, ज्याला ॲज-बिल्ट म्हणतात. हे मोजके बाइट. गाडीत लेन कीपिंग आहे का, पार्किंग असिस्ट आहे का, कुठला प्रकार निवडायचा, एवढंच ते सांगतं.

फोरस्कॅनमध्ये लोक ज्याच्याशी खेळतात ते तिसरं. दुसरं चुकीचं असेल तर तिसऱ्यात कितीही बाइट फिरवा, स्टिअरिंग सुधारणार नाही. जो पदार्थ मेनूत नाही तो ऑर्डर करून येत नाही.

अनघा_क

सर्किटराव, एक भाबडा प्रश्न. जुना कंट्रोलर काढून नव्या रॅकला लावला तर? गाडी त्याला ओळखतेच की.

सर्किटराव

भाबडा नाही, हा प्रश्न दर वेळी येतो. उत्तर "नको". मोटरच्या रोटरची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरचा ऑफसेट आणि टॉर्क सेन्सरचा शून्यबिंदू कारखान्यात मोजून त्या त्या कंट्रोलरमध्ये लिहिलेले असतात. कंट्रोलर दुसऱ्या मोटरवर गेला की ते आकडे खोटे. शून्यबिंदू जरा जरी सरकला तर हात सोडल्यावर स्टिअरिंग आपण होऊन एका बाजूला जाऊ लागतं. शिवाय वर दणकट रॅक आणि आत जुन्या रॅकचं कॅलिब्रेशन. आगीतून फुफाट्यात.

रॅक आणि कंट्रोलर ही एकच वस्तू समजा.

पाना_नं_१९

विकत घेण्याआधी फीतपट्टी घेऊन मोजायच्या गोष्टी:

दोन्ही आतल्या बॉल जॉइंटच्या मध्यांमधलं अंतर. हे सर्वांत महत्त्वाचं, आणि बघत मात्र कुणी नाही. हे अंतर आणि उंची सस्पेन्शनच्या आर्मच्या भूमितीशी जुळवलेली असते. दर बाजूला १० मिमीचा फरक पडला तरी चाक वर-खाली होताना टो (चाकाची पुढची कड आत-बाहेर किती वळलीय ते) बदलतं, म्हणजे बंप स्टिअर. टाय रॉड लांब-आखूड करून टो जुळतं, बंप स्टिअर जात नाही.

मग दांड्याचा एकूण प्रवास. नव्या रॅकचा प्रवास जास्त असेल तर चाक जास्त वळेल. ऐकायला छान, पण सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा वळणारा सांधा) कमाल कोनाच्या पुढे जातो आणि टायर फ्रेमला घासतो.

मग पिनियनच्या एका फेऱ्यात दांडा किती मिमी सरकतो. याबद्दल पुढे सर्किटराव बोलतीलच, कारण हा आकडा बदलला की इलेक्ट्रॉनिक्स बिथरतं.

शेवटी कनेक्टर. जाड दोन पिनांचा पॉवरचा आणि बारीक पिनांचा सिग्नलचा. आकार जुळला म्हणजे पिनांची जागा जुळली असं नाही. वायरिंग डायग्राम समोर ठेवून एकेक पिन तपासा.

चिखलमामा

आणि रॅकच्या बुटाला (टोकावरच्या रबरी आवरणाला) भोक नाही ना ते. जुना रॅक घेणार असाल तर बूट मागे सरकवून दांड्यावर बोट फिरवा. बोटाला तांबूस चिखल लागला तर रॅक तिथेच ठेवून या. पाणी बॉल नटपर्यंत गेलं की गंजतं, आणि मग स्टिअरिंग मध्येच दाणेदार लागायला लागतं. ते कुठल्याही लॅपटॉपने दुरुस्त होत नाही.

सर्किटराव

पाना यांनी चेंडू टाकलाच आहे. समजा जुन्या रॅकमध्ये एका फेऱ्याला ५५ मिमी आणि नव्यात ६०. स्टिअरिंग ९० अंश फिरवलं की चाक आधीपेक्षा ९ टक्के जास्त वळतं. एबीएस मॉड्यूलमधल्या स्टॅबिलिटी कंट्रोलला हे ठाऊक नाही. ते स्टिअरिंगचा कोन आणि वेग घेऊन "गाडी इतकी वळायला हवी" असं गणित मांडतं आणि यॉ सेन्सरशी (गाडी प्रत्यक्षात किती वळतेय ते मोजणारा) ताडून बघतं. गाडी जास्त वळताना दिसली की त्याला वाटतं मागचं टोक घसरतंय, आणि ते एखाद्या चाकाचा ब्रेक लावतं. वळणावर गाडी उगाच अडखळते. कोड येईलच असं नाही, म्हणून शोधायला महाकठीण.

त्यामुळे गुणोत्तर वेगळं असेल तर एबीएसचंही कॅलिब्रेशन त्या पॅकेजचंच हवं. ते मिळणार नसेल तर तो रॅक घेऊ नका. इथे मी "बघू, चालवून तर पाहू" मानत नाही.

रानवाट

हे भारी आहे. मी फक्त रॅकपुरता विचार करत होतो. आता प्रत्यक्ष क्रम सांगाल का? काढण्यापासून.

पाना_नं_१९

काढण्याआधीच सुरुवात होते. गाडी चालू स्थितीत असतानाच सगळ्या मॉड्यूलचा पूर्ण स्कॅन करून जतन करा. पीएससीएमचा ॲज-बिल्ट फाइलमध्ये ठेवा, एबीएस आणि बीसीएमचाही (बॉडी कंट्रोल मॉड्यूल). सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेशनचे भाग क्रमांक लिहून घ्या. जुना रॅक निघाल्यावर बॅकअप आठवला तर बैल गेला अन् झोपा केला.

मग यांत्रिक काम. चाकं सरळ करून स्टिअरिंग पट्ट्याने बांधून टाका. नुसत्या कॉलम लॉकवर विसंबू नका. शाफ्ट सुटल्यावर स्टिअरिंग दोन-तीन फेरे फिरलं की एअरबॅगची स्पायरल केबल तुटते. बॅटरीची उणे तार काढा. बॅश प्लेट (खालचा संरक्षक पत्रा), बाहेरचे टाय रॉड, इंटरमीडिएट शाफ्टचा बोल्ट, दोन कनेक्टर, माउंटिंगचे बोल्ट, रॅक बाहेर. शाफ्टचा आणि माउंटिंगचे बोल्ट नवे घाला. ते एकदाच ताणायचे असतात. टॉर्कचे आकडे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलेच घ्या, धाग्यावरचे नकोत, माझेसुद्धा.

नवा रॅक मध्यावर आणा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजायचे आणि निम्मे परत यायचं. २.९ भरले तर १.४५. मोटर आतून विरोध करते, म्हणून सावकाश फिरवा. भरभर फिरवलं तर मोटर जनरेटर होते आणि कंट्रोलरला उलटा व्होल्टेज जातो.

टाय रॉडच्या आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी असेल तर १५० मिमी आर्मवर एक पूर्ण फेरा म्हणजे त्या चाकाचा सुमारे ०.५७ अंश. जुन्या रॉडची लांबी मोजून तेवढीच ठेवली की अलाइनमेंटवाल्याकडे जाईपर्यंत निभावतं.

सर्किटराव

आता लॅपटॉप.

सर्वांत आधी वीज. प्रोग्रामिंग करताना बॅटरीला स्थिर पुरवठा हवा, साधारण १३.५ व्होल्ट, किमान ५० अँपिअर देणारा. साधा चार्जर नको, त्याच्या विजेत लहरी असतात. मध्येच व्होल्टेज पडून लिखाण अर्धवट राहिलं तर मॉड्यूल बूटलोडरमध्ये अडकतं. बहुतेकदा पुन्हा लिहून परत येतं, पण ती परीक्षा कशाला?

कंपनीच्या पद्धतीत "प्रोग्रामेबल मॉड्यूल इन्स्टॉलेशन" नावाचं काम असतं. एफडीआरएस जुन्या मॉड्यूलमधला डेटा वाचतं, तुम्ही मॉड्यूल बदलता, मग ते नव्यात लिहितं आणि त्या व्हीआयएनला (गाडीच्या ओळख क्रमांकाला) लागू असलेलं सॉफ्टवेअर उतरवतं. अडचण इथेच. तुमच्या व्हीआयएनला सर्व्हरच्या लेखी साधा रॅक आहे, त्यामुळे त्याचा कल साधं कॅलिब्रेशन द्यायचा. "अपडेट उपलब्ध" दिसलं म्हणून डोळे मिटून बटण दाबू नका. आधी नव्या रॅकमधले भाग क्रमांक वाचून ठेवा. रॅक त्याच्या योग्य कॅलिब्रेशनसह आला असेल तर सॉफ्टवेअरला हात न लावता फक्त कॉन्फिगरेशन लिहायचं. बऱ्याचदा तेवढंच लागतं, आणि तेवढं फोरस्कॅनने होतं.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कॉन्फिगरेशनला फोरस्कॅन, त्याचा विस्तारित परवाना आणि चांगला तारेचा अडॅप्टर. कॅलिब्रेशन बदलायचं झालं तर एफडीआरएस आणि जे२५३४ इंटरफेस (लॅपटॉप गाडीला जोडणारं प्रमाणित उपकरण). ब्लूटूथचा नकली अडॅप्टर वाचायला ठीक, लिहायला नाही.

धूळभरे

ॲज-बिल्ट हाताने लिहिताना शेवटचा बाइट चेकसम (बाकीचे अंक बरोबर उतरले का ते ताडायची बेरीज) असतो, तो कसा काढायचा तेही टाकून ठेवा. कुणाला तरी लागेल.

सर्किटराव

फोरस्कॅन आपोआप काढतं, पण फाइल खरी आहे का हे ताडायला उपयोगी. सगळं हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायाच्या आकड्यांत (ए म्हणजे १०, एफ म्हणजे १५). ओळ अशी समजा:

७३०-०१-०१ : १२३४ ००ए० ०५__

पत्त्याचे ०७ आणि ३०, ब्लॉक ०१, ओळ ०१, यांची बेरीज ३९. त्यात १२ मिळवा, ४बी. ३४ मिळवा, ७एफ. ०० ने फरक नाही. ए० मिळवा, ११एफ. ०५ मिळवा, १२४. शेवटचे दोन अंक घ्या: २४. रिकाम्या जागी २४ यायला हवेत. आले नाहीत तर कुणीतरी कॉपी करताना एक अंक खाल्लाय. (हे बाइट निव्वळ उदाहरणासाठी आहेत, गाडीत लिहू नका!)

अनघा_क

लिहिताना नकार आला तर? नुसतं "फेल" दिसतं आणि माणूस हताश होतो.

सर्किटराव

लॉग उघडून बघायचा. नकार ७एफ ने सुरू होतो, मग तुम्ही मागितलेली सेवा, मग कारण. उदाहरणार्थ ७एफ २ई २२. यात २ई म्हणजे "डेटा लिही" ही सेवा आणि २२ म्हणजे "परिस्थिती योग्य नाही". तो कटकट करत नाहीये, काहीतरी सांगतोय: इंजिन चालू आहे, किंवा वेग शून्य दिसत नाही, किंवा व्होल्टेज कमी.

३१ म्हणजे असा डेटा इथे नाही किंवा किंमत मर्यादेबाहेर. दुसऱ्याच आवृत्तीचा ॲज-बिल्ट ओतायला गेलं की हा येतो. ३३ म्हणजे कुलूप उघडलेलं नाही. ३५, किल्ली चुकली. ३६, फार वेळा चुकली. ३७, आता थांब. ३६-३७ आले की इग्निशन चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं हात बाजूला. पुन्हा पुन्हा ठोकत राहिलं की दर वेळी वाट बघणं लांबतं. ७८ हा नकारच नाही, "करतोय, थांब" एवढाच अर्थ. त्याला घाबरून केबल उपटणारे महाभाग आहेत.

हे सगळे आयएसओ १४२२९ या डायग्नोस्टिक मानकातले, त्यामुळे ते पाळणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या गाडीत अर्थ तोच.

संथवाहन

३६, ३७ हे कोड माणसांनाही असायला हवेत. "फार वेळा चुकली, आता थांब."

टॉर्कवाली

लिहून झालं की दिवे विझले नाहीत म्हणून लोक थेट "रॅक खराब" म्हणतात. कोड वाचा आधी.

यू२१०० राहिला तर कॉन्फिगरेशन अपुरं, पुन्हा लिहा. यू०३०० म्हणजे सॉफ्टवेअर आपसात जुळत नाही, इथे कॅलिब्रेशनचा प्रश्न. यू०१३१ इतर मॉड्यूलमध्ये दिसत असेल तर पीएससीएम बसवर बोलतच नाहीये. नवी सून घरात आली, पण तिला कुणी हाक मारत नाही, अशी गत. तिथे आधी फ्यूज आणि कनेक्टर. यू०४२८ हा स्टिअरिंग अँगलचा डेटा अमान्य असल्याचा. सेन्सरचं कॅलिब्रेशन (शून्य ठरवणं) राहिलेलं असताना तो येणारच, आधीच घाबरू नका.

धूळभरे

बस तपासताना एक सापळा आहे. बॅटरी काढून कॅन-हाय आणि कॅन-लो मध्ये ६० ओहम यायला हवेत, १२० आले तर एका टोकाचा टर्मिनेटर गायब, हे सगळ्यांना पाठ असतं. मग लोक ओबीडीच्या (डायग्नोस्टिक सॉकेटच्या) ६ आणि १४ पिनेवर मोजतात, ६० येतात आणि "बस ठीक" म्हणून मोकळे होतात. ज्या गाडीत ओबीडी पोर्ट गेटवेच्या (बसचे तुकडे जोडणाऱ्या मॉड्यूलच्या) अलीकडे असतो तिथे हे ६० फक्त गेटवेपर्यंतच्या तुकड्याचे. रॅककडची बस पलीकडे आहे. रॅकच्याच कनेक्टरवर मोजा.

आणि पॉवरची तार. स्टिअरिंग टोकाला नेताना हा रॅक शंभर अँपिअरच्या आसपास खेचू शकतो. कुणाला तरी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि बॅटरीच्या धन टोकापासून रॅकच्या धन पिनेपर्यंतचा व्होल्टेज ड्रॉप मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर जोड साफ करा. उणे बाजूला ०.२ च्या आत हवा.

चिखलमामा

यावरून आठवलं. खडकावर अर्धा तास इंच-इंच पुढे जाताना स्टिअरिंग जड होतं ते बहुतेक वेळा रॅक कमकुवत म्हणून नाही. मोटर आणि कंट्रोलर तापतो, सॉफ्टवेअर मदत कमी करतं. थोडा वेळ थांबलं की परत हलकं. त्यात विंच चालू, पंखे चालू, इंजिन आयडलवर, अल्टरनेटर अपुरा, मग व्होल्टेज पडला म्हणूनही कपात. नवा रॅक घालूनही हेच होणार असेल तर पैसे पाण्यात. टोकाला नेऊन धरून ठेवायची सवय सोडली की निम्मं काम झालं. टोकाला चाक वळत नसतं, नुसती मोटर तापत असते.

टॉर्कवाली

+१. आणि टायरचा आकार मॉड्यूलमध्ये बदला. ३३ चा घेर नोंदलेला आणि प्रत्यक्षात ३७, तर मीटरवर ९० असताना गाडी १०१ ने जातेय. स्टिअरिंगची मदत वेग बघून ठरते. त्याला वाटतं गाडी हळू आहे, म्हणून तो जास्त मदत देतो आणि मोठ्या रस्त्यावर स्टिअरिंग नको इतकं हलकं लागतं. मग माणूस ॲज-बिल्टमध्ये "फील" शोधत बसतो.

रानवाट

शेवटचा टप्पा राहिला. लिहून झाल्यावर सेन्सरांच्या कॅलिब्रेशनचा क्रम काय?

सर्किटराव

अलाइनमेंट आधी. चाकं सरळ आणि स्टिअरिंग सरळ हे यांत्रिकपणे जुळल्याशिवाय सेन्सरला "हा शून्य" सांगणं म्हणजे आधी कळस मग पाया.

मग स्टिअरिंग अँगलचा शून्य. मग गाडी सपाट जागी उभी करून इंजिन चालू ठेवून पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, परत मध्यावर. म्हणजे तो दोन्ही टोकं शिकतो आणि टोकाच्या थोडं आधी मदत कमी करून आपटणं टाळतो. नव्या रॅकचा प्रवास वेगळा असेल तर हे अनिवार्य. मग सरळ रस्त्यावर थोडं चालवायचं, तो स्वतःचा मध्य पक्का करतो. शेवटी लेन कीपिंगचा पुढचा कॅमेरा. टायर आणि उंची बदलली म्हणून त्यालाही नव्याने क्षितिज दाखवावं लागतं. दात्या गाडीत (जिच्यातून रॅक काढला ती) लेन कीपिंग नव्हतं आणि तुमच्यात आहे, अशी जोडी असेल तर कॅमेऱ्याचा कोड कायम राहील. रॅक घेण्याआधी दात्या गाडीची यादी मागून घ्या.

पहिली चाचणी चाकं हवेत असताना: हात सोडल्यावर स्टिअरिंग आपोआप फिरता कामा नये. फिरलं तर गाडी खाली उतरवू नका.

पाना_नं_१९

आणि पन्नासेक किलोमीटरनंतर माउंटिंगच्या बोल्टांवर खूण केलेली रेघ सरकली का बघा. रंगाच्या पेनाने बोल्टपासून घरापर्यंत एक रेघ ओढायची, बसवतानाच.

अनघा_क

स्टिअरिंगमधल्या बदलाला तुमच्याकडे नोंदणी किंवा विम्याचे काय नियम आहेत तेही बघून घ्या, रानवाट.

रानवाट

बघतो. सगळ्यांचे आभार. सध्या ठरलं ते असं. रिमचा ऑफसेट मूळचाच ठेवणार. टाय रॉडचा सुटा संच गाडीत ठेवणार. रॅक लगेच नाही. आधी विकणाऱ्याकडून रॅकचे भाग क्रमांक, दात्या गाडीची यादी आणि एका फेऱ्याचे मिलिमीटर मागवतो. तीनही जुळले तरच घेणार. तोवर आजच पूर्ण स्कॅन करून ॲज-बिल्ट जतन केला, ७३० ची पहिली ओळ हाताने बेरीज करून बघितली. चेकसम जुळला.

संथवाहन

बघा, वर्गमूळ नाही तर नाही, हेक्समधली बेरीज तरी आली.

चिखलमामा

@रानवाट, फाइल लॅपटॉपवरच ठेवलीय ना? एक प्रत दुसरीकडेही टाका. लॅपटॉपही त्याच चिखलात जाणार आहे.